आपण आशियाई, मग जठराच्या कॅन्सरवर जपानी उपचार का नाही?

प्रश्न नाशिकहून आला आहे. वडील ६१ वर्षांचे. जठराच्या खालच्या टोकाला, लहान आतड्याच्या तोंडाजवळ गाठ आहे. बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, आला. सीटी स्कॅनमध्ये जठराभोवतीच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या दिसतात, लिव्हर आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. डॉक्टरांनी आधी फ्लॉट या औषधांच्या मिश्रणाच्या केमोचे चार डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार डोस असं ठरवलंय. योकोहामातला मेहुणा म्हणतो की जपानमध्ये आधी ऑपरेशन करतात, नंतर एस-१ नावाची गोळी वर्षभर देतात आणि दहातले सात जण पाच वर्षं पार करतात. न्यू जर्सीतली चुलतबहीण म्हणते की तिकडे आता केमोसोबत इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारी औषधं, देतात. मुलाचा सवाल असा: आपण आशियाईच आहोत, तर आपल्या शरीराला जपानी पद्धत जास्त मानवणार नाही का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून वडिलांसाठी आखलेली दिशा मला बरोबर वाटते. ज्या अभ्यासांत ‘आशियाई रुग्ण’ असं लिहिलेलं असतं, त्यांत रुग्ण बहुतेक जपान, कोरिया, तैवान आणि चीनचे असतात. आपल्याकडचे फार तर तोंडी लावण्यापुरते. नाशिकचा माणूस नकाशावर आशियात असला तरी त्याच्या जठरातला जंतू, त्याच्या यकृतातली एन्झाइम्स आणि त्याचा रोग सापडण्याची वेळ यांतलं जवळपास काहीच जपानी नसतं.

देशादेशांत फरक पडतो हे खरंच आहे. पण हा फरक वेगवेगळ्या जागी पडतो आणि लोक तो सगळा एकाच भांड्यात कालवतात. रोग किती जणांना होतो आणि कशामुळे, हा एक भाग. झालेला रोग कधी सापडतो आणि ऑपरेशन किती नीट होतं, हा दुसरा. औषध पोटात किंवा शिरेत गेल्यावर शरीर त्याचं काय करतं, हा तिसरा. एकदा गाठ तयार झाली की तिचा स्वभाव मात्र देशागणिक जितका बदलतो असं वाटतं, तितका बदलत नाही. तो बदलतो गाठीगणिक. म्हणून पासपोर्टपेक्षा बायोप्सीच्या रिपोर्टकडे जास्त बघा, असं मी ओपीडीत रोज सांगतो.

मेहुण्याच्या आकड्यापासून सुरुवात करू. दहात सात हा आकडा खोटा नाही. जपानमध्ये २४ रुग्णालयांनी मिळून केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बऱ्यापैकी पुढे गेलेल्या गाठींचंही ऑपरेशन झालं. पाच वर्षांनी त्यातले जवळपास ७० टक्के रुग्ण जिवंत होते, आणि ऑपरेशननंतर रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. एकूण रुग्ण धरले, तर २०१० ते २०१४ या काळातल्या जागतिक तुलनेत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण कोरियात ६९ टक्क्यांच्या आसपास, जपानमध्ये ६० आणि अमेरिकेत ३३ होतं. आकडे असे शेजारी शेजारी मांडले की पहिला विचार येतो तो ‘तिकडची गाठच मवाळ असणार’ हा.

खरं कारण बरंचसं साधं आहे. जपानने १९८३ पासून जठराच्या कॅन्सरची तपासणी कायद्याच्या चौकटीत आणली. आधी बेरियम पाजून एक्स-रे काढत, २०१६ पासून एंडोस्कोपीचाही पर्याय दिला. कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणीचं बोलावणं येतं. त्यामुळे या दोन देशांत निम्म्याहून अधिक रुग्ण अगदी सुरुवातीलाच सापडतात, कित्येकांची गाठ तर पोट न उघडता एंडोस्कोपीतूनच सोलून काढतात. आपल्याकडे माणूस सहा महिने पित्ताच्या गोळ्या खातो, ‘गॅसेस झालेत’ म्हणून ओवा-सोडा घेतो आणि वजन दहा किलो उतरलं की मग कुणीतरी म्हणतं, एकदा दुर्बीण घालून बघू या. या दोन रुग्णांची तुलना करून जपानी आणि मराठी जीवशास्त्र वेगळं ठरवणं म्हणजे निवडीतच गोची आहे.

त्यात आणखी एक मजा आहे. जपानी पॅथॉलॉजिस्ट पेशींचं रूप आणि रचना बघून ‘कॅन्सर’ म्हणतो. पाश्चात्त्य पॅथॉलॉजिस्ट पेशी खालच्या थरात घुसल्याचं दिसल्याशिवाय तो शब्द वापरत नाही, तो ‘हाय ग्रेड डिस्प्लेसिया’, म्हणजे कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा बदल, असं लिहितो. १९९७ साली एकाच स्लाइड्स दोन्हीकडच्या तज्ज्ञांना दाखवल्या तेव्हा हा मतभेद उघडा पडला आणि २००० साली ‘व्हिएन्ना’ नावाचं समान वर्गीकरण प्रसिद्ध करावं लागलं. म्हणजे जपानच्या आकडेवारीत काही रुग्ण असे होते, ज्यांना अमेरिकेत कॅन्सरचे रुग्ण म्हटलंच नसतं. असे रुग्ण अर्थात बरेच होतात.

लसिकाग्रंथींचंही तसंच. जपानी सर्जन जठरासोबत आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांवरच्या ग्रंथीही पद्धतशीर काढतात, याला डी-२ म्हणतात. जितक्या जास्त ग्रंथी काढून तपासल्या, तितकी स्टेज अचूक. कमी ग्रंथी तपासल्या तर खरं तर तिसऱ्या स्टेजचा रुग्ण दुसऱ्या स्टेजमध्ये मोजला जातो आणि दुसऱ्या स्टेजचा निकाल बिघडवतो. जास्त तपासल्या की दोन्ही स्टेजचे निकाल कागदावर सुधारतात, आणि प्रत्यक्षात एकाही रुग्णाचं आयुष्य एका दिवसाने वाढलेलं नसतं.

पण डी-२चा फायदा निव्वळ कागदी नाही, आणि ही गोष्ट मला सविस्तर सांगायलाच हवी, कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून ८० रुग्णालयांत डी-१, म्हणजे फक्त जठरालगतच्या ग्रंथी काढणं, आणि डी-२ यांची तुलना झाली. शिकवायला जपानहून मित्सुरू सासाको हे सर्जन गेले होते. तरीही पहिले निकाल वाईट आले: डी-२ च्या गटात ऑपरेशनशी संबंधित मृत्यू १० टक्के, डी-१ मध्ये ४. ब्रिटनच्या अभ्यासातही असंच दिसलं. युरोपने निष्कर्ष काढला की ही जपानी कसरत आपल्या जाडजूड, वयस्क रुग्णांना सोसत नाही. पुढे बारकाईने बघितल्यावर लक्षात आलं की बरेच मृत्यू ग्रंथी काढल्यामुळे नव्हते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटीही काढत, ते महागात पडलं होतं. शिवाय ८० रुग्णालयांत मिळून रुग्ण विभागले गेल्यामुळे एकेका सर्जनच्या वाट्याला वर्षाकाठी मोजकीच ऑपरेशन्स यायची. १५ वर्षांनी पुन्हा हिशोब मांडला तेव्हा जठराच्या कॅन्सरने झालेले मृत्यू डी-२ गटात ३७ टक्के आणि डी-१ गटात ४८ टक्के होते. म्हणजे पद्धत डच शरीरातही चालते, फक्त ती रोज करणाऱ्या हातांनी व्हायला हवी. आज युरोप आणि अमेरिकाही प्लीहा राखून डी-२ करा असंच सांगतात. वंश म्हणून जे खपवलं गेलं ते बरंचसं कौशल्य होतं.

हे सगळं वजा केल्यावर फरक शून्य होतो का? होत नाही. न्यूयॉर्क आणि कोरियातल्या रुग्णांची स्टेज, जागा, ग्रंथींची संख्या जुळवून तुलना केली तरी कोरियन रुग्णांचे निकाल थोडे सरस राहिले. त्यामागे गाठीची जागा असेल, शरीराची ठेवण असेल, किंवा गाठीतल्या प्रतिकारपेशींचं वेगळं मिश्रण असेल. या तिन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. पण उरलेला हा फरक इतका मोठा नाही, की त्यावरून तुमच्या वडिलांची केमो बदलावी.

आता रोग होतो कशामुळे, इकडे येऊ. इथे मात्र लोकसमूहांमधले फरक खरोखर खोल आहेत. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये ओळखला, त्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि १९९४ मध्येच तो कॅन्सरकारक म्हणून जाहीर झाला होता. या जंतूचे काही प्रकार सुईसारख्या यंत्रणेतून कॅगए नावाचं प्रथिन थेट जठराच्या पेशीत टोचतात. पूर्व आशियातल्या जंतूचं कॅगए पेशीतल्या एसएचपी-२ या एन्झाइमला घट्ट चिकटतं आणि पेशीची वाढ बिघडवतं. पाश्चात्त्य प्रकारचं कॅगए सैल चिकटतं. जपानमध्येच याचा पडताळा मिळतो. ओकिनावात जठराच्या कॅन्सरने होणारे मृत्यू देशात सर्वांत कमी आणि तिथल्या जंतूंमध्ये पाश्चात्त्य प्रकार बरेच. मुख्य बेटावरच्या फुकुईत जवळपास सगळे पूर्व आशियाई प्रकारचे आणि कॅन्सरही जास्त.

भारतात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू सापडतो, तरी देशाच्या बहुतेक भागांत जठराचा कॅन्सर तुलनेने कमी आहे. याला ‘भारतीय कोडं’ म्हणतात. एक उत्तर असं की आपल्याकडचे जंतू बहुतांशी पाश्चात्त्य प्रकारचं कॅगए बाळगणारे आहेत. पण एवढ्याने कोडं सुटत नाही, कारण देशाच्या आतच जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिझोरममध्ये पुरुषांत हा कॅन्सर आघाडीवर आहे. तिथे धुरावलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी म्हणजे ‘साउम’, आणि तंबाखूचा धूर पाण्यात उतरवून केलेलं ‘तुइबुर’ हे रोजच्या वापरातलं. काश्मीरमध्ये मिठाचा चहा आणि वाळवलेल्या भाज्या. चेन्नईत मुंबईपेक्षा जास्त. आपल्या मुंबई आणि बार्शीच्या कॅन्सर नोंदणीत मात्र हा आजार आघाडीवर नाही. म्हणूनच महाराष्ट्रात सरसकट सगळ्यांची दुर्बिणीतून तपासणी करा, असं मी म्हणणार नाही. जपानसाठी जे शहाणपणाचं आहे ते इथे पैशाची नासाडी ठरेल.

जंतू आणि माणूस यांच्या जोडीचा सर्वांत बोलका नमुना कोलंबियातल्या नारिन्यो प्रांतात आहे. किनाऱ्यावरचं तुमाको आणि अँडीजच्या डोंगरातलं तुकेरेस. दोन्ही ठिकाणी बहुतेक सगळ्यांच्या पोटात पायलोरी. तरी डोंगरात जठराचा कॅन्सर किनाऱ्याच्या सुमारे २५ पट. २०१४ मध्ये माणसांची आणि त्यांच्याच पोटातल्या जंतूंची वंशावळ एकत्र तपासली, तेव्हा दिसलं की किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत आफ्रिकी वळणाचा जंतू होता आणि दोघांचं हजारो वर्षं जमलेलं होतं. डोंगरातल्या मूळनिवासी लोकांच्या पोटात मात्र बाहेरून आलेला जंतू शिरला होता, आणि जिथे ही जोडी बेमेल तिथे जठराची इजा जास्त. वंश एकटा दोषी नाही, जंतूही एकटा नाही.

जपानी माणूस अमेरिकेला गेल्यावर काय होतं, हे १९६८ सालीच पाहिलं गेलं. पुढच्या पिढीत धोका झपाट्याने उतरला. जनुकं तीच, पण मीठ, फ्रिज, पाणी आणि बालपणीचा संसर्ग बदलला. स्वतः जपानमध्येही हा आजार पिढीगणिक कमी होत चालला आहे.

ज्यांच्या बाबतीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो असे गट मात्र आहेत. न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं जठराच्या पसरट कॅन्सरने जात होती. १९९८ मध्ये त्यांच्यात सीडीएच-१ हे बिघडलेलं जनुक सापडलं आणि आज जगभर अशा कुटुंबांत त्याची तपासणी होते. जपानमधली २०२३ मधली आकडेवारी आणखी वेगळं काही सांगते: बीआरसीए-१, बीआरसीए-२ सारख्या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत दोष असून वर पायलोरीचा संसर्ग असेल, तर ८५ व्या वर्षापर्यंत जठराच्या कॅन्सरचा धोका ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. नुसता संसर्ग असेल तर १४ टक्के.

हे झालं कारणांचं. गाठ तयार झाल्यावर तिच्या आत काय असतं? १९६५ पासून आपण लॉरेन यांचं वर्गीकरण वापरतो. इंटेस्टाइनल म्हणजे नळ्या करून वाढणारी, आणि डिफ्यूज म्हणजे सुट्या पेशींनी जठराच्या भिंतीत पसरत जाणारी. २०१४ मध्ये अमेरिकी जनुकीय प्रकल्पाने चार जाती सांगितल्या. ईबीव्ही (एपस्टीन-बार) विषाणू असलेल्या सुमारे ९ टक्के, डीएनए दुरुस्ती कोलमडलेल्या म्हणजे एमएसआय २२ टक्के, जनुकीयदृष्ट्या स्थिर २० टक्के आणि गुणसूत्रांची मोडतोड झालेल्या निम्म्या. आणि तिथेच हेही नोंदवलं गेलं की या जातींच्या वाटपात पूर्व आशियाई आणि पाश्चात्त्य रुग्णांत ठळक फरक दिसला नाही. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणा आणि अ‍ॅसिड वर येण्यामुळे गाठी अन्ननलिकेच्या तोंडाशी जास्त, पूर्वेला खालच्या भागात जास्त, हा फरक मोठा आहे. पण तो प्रमाणाचा फरक आहे, जातीचा नाही.

याचा सर्वांत पक्का पुरावा मला एमएसआयच्या रुग्णांत दिसतो. २०१९ मध्ये चार मोठ्या अभ्यासांतले १५५६ रुग्ण एकत्र केले. एक अभ्यास ब्रिटिश, एक इटालियन, आणि दोन पूर्व आशियाई, त्यातला एक पूर्णपणे कोरियन. त्यात एमएसआय असलेले १२१. त्यांचे निकाल इतरांपेक्षा मुळातच चांगले होते, आणि नुसतं ऑपरेशन झालेल्यांपेक्षा ऑपरेशनसोबत जुनी केमो मिळालेल्यांचं काही जास्त भलं झालं नव्हतं. उलट फ्रान्सच्या एका छोट्या अभ्यासात अशाच ३२ रुग्णांना ऑपरेशनआधी दोन इम्युनोथेरपी औषधं दिली, तर ऑपरेशन झालेल्या २९ पैकी १७ जणांच्या काढलेल्या जठरात कॅन्सरची एकही जिवंत पेशी उरली नव्हती. केमो निवडताना मला रुग्ण कोरियाचा की कोल्हापूरचा हे कळून फारसा उपयोग नाही. एमएसआय आहे की नाही, हे कळलं तर आख्खा उपचार बदलतो. आणि ही तपासणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर, चार प्रथिनांचे रंग टाकून होते. महाग नाही. तरी कित्येक फाइलींत ती झालेलीच नसते.

आता औषधाकडे, म्हणजे मेहुण्याच्या गोळीकडे. एस-१ मध्ये टेगाफर असतं. ते स्वतः निष्क्रिय असतं, यकृतातलं सीवायपी-२ए-६ हे एन्झाइम त्याचं ५-एफयू या केमोच्या औषधात रूपांतर करतं. पूर्व आशियात या एन्झाइमचे मंद प्रकार पुष्कळ लोकांत असतात. गोऱ्या लोकांत ते तरतरीत असतं, त्यामुळे तेवढ्याच गोळीतून ५-एफयू भराभर तयार होतं आणि जुलाब अनावर होतात. म्हणून जपानमध्ये शरीराच्या दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅम देतात, तर पाश्चात्त्य रुग्णांत ५० पर्यंत उतरावं लागलं. जपानमध्ये २००७ साली ऑपरेशननंतर एस-१ घेतलेले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते, न घेतलेले ७० टक्के. पुढे पसरलेल्या रोगात जपानबाहेरच्या १०५३ रुग्णांना कमी डोसने एस-१ आणि सिसप्लॅटिन दिलं, तर त्रास कमी झाला, पण आयुष्य जुन्या सलाइनच्या औषधापेक्षा वाढलं नाही.

गोळी भारतात मिळते. अडचण डोसाची आहे. आपण जपानी डोस सोसणारे की युरोपीय, याचं सगळ्या भारतीयांसाठी एकच उत्तर नाही. मी ती देतो तेव्हा खालून सुरुवात करतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत फोन करायला लावतो. दिवसातून चार-पाचपेक्षा जास्त जुलाब, तोंड येऊन पाणीही गिळता न येणं, ताप, यांपैकी काहीही झालं तर गोळी बंद, आणि ‘कोर्स मोडेल’ म्हणून कुणी पुढची घ्यायची नाही.

हाच मुद्दा फ्लॉटलाही लागू. त्यात ५-एफयू २४ तास पंपाने जातं. ते शरीराबाहेर टाकणारं डीपीडी एन्झाइम काही लोकांत जन्मतः अपुरं असतं आणि अशांना पहिलाच डोस जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये आधी चाचणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडेही ती होते, करून घ्या. पण ही चाचणी जनुकातले ठरावीक चार बदल शोधते आणि ती यादी युरोपीय लोकांवरून बनलेली आहे. ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे भारतीय माणूस पूर्ण सुरक्षित, असं समजून गाफील राहू नका. इरिनोटेकान हे केमोचं औषध पुढे लागलंच तर तिथेही असंच आहे: जपान्यांत ते निकामी करणाऱ्या यूजीटी-१ए-१ या जनुकाचा एक प्रकार त्रास देतो, भारतीयांत आणि युरोपीयांत दुसरा जास्त आढळतो. लोकसमूहाचा विचार खरा कामाला येतो तो इथे, डोस ठरवताना.

नव्या औषधांच्या बातम्या वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबचा जागतिक अभ्यास २०११ मध्ये आला, तेव्हा अमेरिका खंडांत फायदा दिसला, आशियात अजिबात नाही. लगेच ‘आशियाई गाठीला वेगळं रक्त लागतं’ अशा चर्चा झाल्या. पण आशियातल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना पहिलं औषध फेल गेल्यावर दुसरी केमो मिळाली होती, अमेरिका खंडांत पाचातल्या एकाला. पुढची केमो मिळाली तर नुसत्या केमोच्या गटातले लोकही जास्त जगतात आणि नव्या औषधाचा फायदा त्यात झाकला जातो. निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचंही तसंच झालं. जागतिक अभ्यासात आयुष्य वाढलं. पूर्व आशियाई अभ्यासात रोग जास्त काळ रोखला गेला, पण दोन्ही गट १७ महिन्यांच्या आसपास जगले. भारतीय वाचकाने यातून काय घ्यायचं? आपल्याकडे पहिली केमो संपताना रुग्ण इतका खंगलेला असतो, की दुसरीपर्यंत पोहोचणारे कमी. म्हणून आपल्याकडे पहिलाच डाव नीट खेळावा लागतो आणि जेवण, वजन, हिमोग्लोबिन यांकडे केमोइतकंच बघावं लागतं.

चुलतबहिणीचं बोलणंही खरं आहे. २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासात फ्लॉटसोबत दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तर दोन वर्षांनी रोग न उलटलेले ६७ टक्के, नुसत्या फ्लॉटमध्ये ५८.५. फरक आहे, पण वर्षभराचा खर्च बहुतेक मराठी घरांच्या आवाक्याबाहेर आहे. जमीन विकून ते घ्यावं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. विमा असेल, कंपनीची मदत योजना बसत असेल तर जरूर विचारा. एमएसआय पॉझिटिव्ह आलं, तर माझं मत बदलेल. मग इम्युनोथेरपीसाठी धडपड करण्यात अर्थ आहे.

हर-२ आणि क्लॉडिन १८.२ ही गाठीच्या पेशींवरची प्रथिनं. त्यांच्या तपासण्यांचं आत्ता, ऑपरेशन होण्यासारख्या रोगात, फारसं काम नाही. रोग पसरलेला असेल तेव्हा त्यांचा उपयोग. हर-२ असल्यास त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब, ज्याची भारतीय बनावटीची स्वस्त आवृत्ती २०१४ पासून बाजारात आहे. क्लॉडिन सुमारे ३८ टक्के गाठींत सापडतं आणि त्यावरचं झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये सर्वप्रथम जपानने मंजूर केलं.

वडिलांसाठी आता काय करायचं ते सांगतो. केमो सुरू होण्याआधी दुर्बिणीने पोटात बघून, म्हणजे लॅपरोस्कोपी करून, आतल्या अस्तरावर पेशी पसरल्या नाहीत ना हे तपासलंय का, विचारा. सीटीत हे बरेचदा निसटतं, आणि पसरल्या असतील तर सगळी योजनाच बदलते. बायोप्सीवर एमएमआर (तीच चार प्रथिनांची) किंवा एमएसआयची तपासणी मागा. डीपीडीची चाचणी करून घ्या. सर्जन वर्षाला जठराची किती ऑपरेशन्स करतात हे विचारायला लाजू नका. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात तपासलेल्या ग्रंथींची संख्या किमान १६ असायला हवी. जन आरोग्य योजनेचं कार्ड असेल तर ऑपरेशन आणि केमो त्यात कुठवर बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्या.

तुम्ही स्वतः, तुमची भावंडं आणि काका-आत्या यांनी पायलोरीची तपासणी करा. कोरियात रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांवर औषधोपचार केले तेव्हा नऊ वर्षांत कॅन्सर २.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आला. हा पुरावा कोरियन आहे, तरी मला इथे तो उचलायला हरकत वाटत नाही, कारण औषध स्वस्त आहे आणि नुकसान फारसं नाही. फक्त क्लॅरिथ्रोमायसिन असलेल्या आठवड्याच्या किटवर विसंबू नका. आपल्याकडे जंतू त्याला सरावलेला आहे. बिस्मथ असलेला चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण करा, आणि संपल्यावर महिन्याभराने जंतू खरंच गेला का ते तपासा. पॅथॉलॉजीत ‘डिफ्यूज’ किंवा ‘सिग्नेट रिंग’ लिहिलं असेल आणि घरात आणखी कुणाला पन्नाशीच्या आत असा कॅन्सर झाला असेल, तर सीडीएच-१ साठी जनुकीय सल्ला घ्या.

आणि मेहुण्याला सांगा, जपानची पद्धत आम्ही टाकून दिलेली नाही. ऑपरेशन डी-२ च होणार आहे. तिथे आधी ऑपरेशन जमतं, कारण रोग लवकर सापडतो. आता कोरिया आणि चीनमध्येही पुढे गेलेल्या गाठींना आधी केमो देऊन फायदा झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं आहे. फ्लॉटचे पुढचे चार डोस वडिलांना झेपले नाहीत, तर ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हा कोरिया, चीन आणि तैवानमध्ये सिद्ध झालेला पर्याय आहे. त्याचा डोस मात्र पहिल्या आठवड्यातल्या जुलाबांकडे बघून ठरवू.